लावलं जुलैत, जगवायचं पुढच्या जूनपर्यंत

मृगाचा पाऊस पडला की नर्सऱ्यांसमोर टेम्पो लागतात. सोसायटीच्या आवारात, फार्महाऊसच्या कुंपणाशी, शाळेच्या मैदानाकडेला खड्डे घेतले जातात आणि जुलै-ऑगस्टमध्ये बघावं तिकडे टवटवीत रोपं दिसतात. पुढच्या मे महिन्यात त्याच जागी गेलात, तर बऱ्याच ठिकाणी नुसती आधाराची काठी आणि तिला बांधलेली सुतळी उरलेली असते. महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ या चार वर्षांत अनुक्रमे २, ४, १३ आणि ३३ कोटी झाडं लावण्याची सरकारी उद्दिष्टं होती. खड्ड्यांचा आणि रोपांचा हिशोब सगळे ठेवतात, पाण्याच्या पाळ्यांचा ठेवणारे मोजके. आपल्याकडे नवं झाड दगावतं ते बहुधा पाऊस परतल्यावर, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसताना.

त्यामुळे हा लेख झाड कसं लावायचं याचा नाही. लावलेलं झाड स्वतःच्या मुळांवर उभं राहीपर्यंत त्याला पाणी कसं, किती आणि कुठे द्यायचं, एवढाच त्याचा विषय आहे.

हुंडीच्या आतलं आणि बाहेरचं

नर्सरीतून आणलेल्या रोपाची सगळी मुळं पिशवीच्या आकाराच्या मातीच्या गोळ्यात असतात. नर्सरीवाले त्याला हुंडी म्हणतात. रोप जमिनीत गेलं तरी पहिले काही आठवडे त्याला पाणी मिळतं ते फक्त या हुंडीतून. आजूबाजूच्या मातीत भरपूर ओल असली, तरी तिथवर मुळी पोचलेली नसल्याने ती ओल रोपाच्या उपयोगाची नसते.

खात्री करून घ्यायची असेल, तर कुंपणाकडेला वाळून गेलेलं एखादं अनंताचं किंवा तगरीचं रोप खुरप्याने सावकाश उकरून काढा. अनेकदा हुंडी पिशवीच्या आकारात जशीच्या तशी बाहेर येते. कडेला गोल फिरलेली तपकिरी मुळं दिसतात, बाहेर निघालेली पांढरी मुळी एकही नसते. भोवतालची काळी माती बोटांना चिकटेल इतकी ओली असते आणि हुंडी मात्र गोवरीसारखी हलकी, कोरडी. पाणी रोज घातलं गेलं होतं, पण ते हुंडीला वळसा घालून बाजूच्या मातीत गेलं.

याचं एक कारण हुंडीतच असतं. नर्सरीची माती हलकी असते, तिच्यात बऱ्याचदा कोकोपीट मिसळलेलं असतं. कोकोपीट एकदा पूर्ण सुकलं की पाणी लवकर धरत नाही. वरून ओतलेलं पाणी कडेच्या फटीतून निघून जातं. म्हणून पहिले दोन-तीन महिने पाणी पडायला हवं ते हुंडीवर आणि तिच्या कडेच्या चार बोटं रुंद पट्ट्यात. हुंडी सुकू द्यायची नाही आणि त्या पट्ट्यातली ओलही टिकवायची, कारण नवी मुळी ओलाव्याच्या मागेच बाहेर पडते.

लावल्या दिवशीचं पाणी

खड्ड्यात ठेवण्यापूर्वी रोप पिशवीसकट पाण्याच्या बादलीत बुडवा. बुडबुडे येणं थांबलं की हुंडी आतपर्यंत भिजली असं समजा. मग पिशवी कापून काढा. कडेला वेटोळी झालेली मुळं असतील तर धारदार ब्लेडने दोन-तीन ठिकाणी उभा छेद द्या, म्हणजे नवी मुळी बाहेरच्या दिशेने फुटते. हुंडी मात्र फुटू देऊ नका.

खड्डा निम्मा भरला की एकदा पाणी सोडा, पूर्ण भरल्यावर पुन्हा सोडा. पाऊस सुरू असला तरी हे पाणी टाळू नका. या पहिल्या पाण्याचं काम नुसती तहान भागवणं नाही. सैल माती हुंडीला घट्ट बसवायची आणि मधल्या हवेच्या पोकळ्या घालवायच्या, हे त्याचं मुख्य काम. पायाने माती तुडवून ते साधत नाही, उलट माती दबते आणि निचरा बिघडतो. पाणी मुरल्यावर माती खाली बसेल तिथे वरून भर घाला. रोप नर्सरीत जितकं खोल होतं तितकंच खोल राहायला हवं, खोड मातीत गाडलं जाता कामा नये.

या दिवशी रासायनिक खत देऊ नका. नाजूक मुळांजवळ क्षार वाढले की पाणी असूनही ते मुळांना घेता येत नाही. नवी पालवी स्थिरावल्यावर खताचा विचार करा.

आळं नीट असेल तर निम्मं काम झालं

पाणी वाहून न जाता मुळांशी मुरावं यासाठी आळं हवंच. पहिल्या मोसमात आळ्याचा घेर हुंडीपेक्षा वीतभर मोठा असला की पुरे. कडेचा बांध तीन-चार इंच उंच, वरून हलकेच थापलेला. खोडालगत मात्र मातीची थोडी उंच भर ठेवा, म्हणजे खोडाशी पाणी साचणार नाही.

विदर्भातले संत्रा बागायतदार दुहेरी आळी करतात ती याचसाठी. आतलं आळं खोडाभोवती कोरडं राहतं आणि पाणी बाहेरच्या आळ्यात सोडलं जातं. खोडाशी सतत ओल राहिली की फायटोप्थोरा बुरशीमुळे डिंक्या रोग होतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असतं. घरच्या बागेतल्या लिंबाच्या झाडालाही हाच नियम लावा.

पावसाळ्यात परिस्थिती उलटी असते. भारी काळ्या मातीत आळ्यात पाणी तुंबतं, म्हणून पावसाळ्यापुरता आळ्याचा बांध एका बाजूने फोडून पाण्याला वाट करून द्या. पाऊस परतला की तो पुन्हा बांधून घ्या. हे काम दसऱ्यापूर्वी उरकलं तर उत्तम, कारण तेव्हा माती ओली असते आणि ती ओल पुढे काही दिवस कामाला येते.

एका वेळी किती?

लहान पिशवीतल्या जास्वंद, तगर, मोगरा अशा झुडपाला एका पाळीला दीड ते दोन लिटर पाणी द्या. मध्यम पिशवीतल्या दोन-तीन फुटी रोपाला चार-पाच लिटर लागतं. बारा इंची पिशवीतल्या चार-पाच फुटी झाडाला दहा लिटरच्या आसपास, तर एकवीस इंची पिशवीतून आणलेल्या मोठ्या झाडाला पंचवीस लिटर तरी हवं. माती आणि ऊन पाहून हे आकडे थोडे खाली-वर होतील.

पाइपने पाणी देणाऱ्यांनी एकदा पाइपखाली बादली ठेवून ती किती वेळात भरते हे घड्याळ लावून बघावं. पंधरा लिटरची बादली एका मिनिटात भरत असेल, तर दहा लिटरसाठी चाळीस सेकंद झाले. हे एकदा कळलं की अंदाजाचं काम उरत नाही. माळीकाकांच्या हाती पाइप असेल, तर त्यांनाही हे समजावून सांगा. घाईत प्रत्येक झाडावर चार-पाच सेकंद पाइप फिरवला की माती वरून काळी दिसते, पण खाली दोन बोटांवर कोरडीच असते.

पाणी एका दमात ओतू नका. आधी एक तांब्या घाला, मुरू द्या, मग उरलेलं दोन-तीन टप्प्यांत द्या. पहिला तांब्या कोरडी माती फुलवतो, पुढचं पाणी खोल जातं. पाइपच्या तोंडाशी एखादी चपटी फरशी किंवा करवंटी ठेवलीत तर धारेने माती उकरली जाणार नाही आणि मुळं उघडी पडणार नाहीत.

वर्षाचं वेळापत्रक

*लावल्यापासून पहिले तीन आठवडे:* चांगला पाऊस सुरू असेल तर वेगळं पाणी नको. मात्र दोन दिवस उघडीप मिळाली की हुंडी तपासा. पावसाची भुरभुर फसवी असते, वरची माती आणि पानं ओली होतात पण मुळांपर्यंत काहीच जात नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने आठ-दहा दिवस खंड दिला आणि ऊन पडलं, तर नवी रोपं ऐन पावसाळ्यातच माना टाकतात.

*ऑक्टोबर:* पहिली खरी परीक्षा इथे असते. पाऊस परततो आणि पाठोपाठ ऑक्टोबर हीट येते. पावसाळ्यात रोपाने भरपूर पानं काढलेली असतात, त्या मानाने मुळं थोडी असतात. झुडपांना दर दोन-तीन दिवसांनी आणि झाडांना आठवड्यातून दोनदा पाणी द्या.

*नोव्हेंबर ते जानेवारी:* थंडीत पाळ्या लांबवा. झुडपांना चार-पाच दिवसांनी आणि झाडांना आठ दिवसांनी पुरतं. जास्त पाण्याने रोपं सडतात ती बऱ्याचदा याच काळात, कारण ऑक्टोबरमध्ये लागलेली सवय तशीच चालू राहते.

*फेब्रुवारी ते मे:* थंडी ओसरून वारा सुटला की पाळ्या पुन्हा जवळ आणा. मार्चपासून झुडपांना एक दिवसाआड आणि झाडांना तीन-चार दिवसांनी पाणी लागेल. नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तिथे लहान रोपांना पाण्यासोबत पश्चिमेकडून शेडनेटचा किंवा गोणपाटाचा आडोसाही हवा. नुसतं पाणी वाढवून त्या उन्हाला उत्तर देता येत नाही.

*वळवाचा पाऊस:* मोठा गडगडाट झाला म्हणून त्या आठवड्याचं पाणी रद्द करू नका. आधी माती उकरून बघा. सुकलेल्या, टणक झालेल्या जमिनीवर वळवाचं पुष्कळसं पाणी वाहून जातं.

पाणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर द्या. गुलाबासारख्या, पानांवर बुरशी येणाऱ्या झाडांना सकाळच बरी, म्हणजे रात्रभर पानं ओली राहत नाहीत. उन्हात पडलेल्या पाइपमधलं पहिलं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं, ते बाजूला सोडून द्या. एखादं रोप दुपारी अगदीच गळून गेलेलं असेल, तर संध्याकाळची वाट पाहू नका. मुळांशी लगेच पाणी द्या आणि वर सावली करा.

मातीप्रमाणे पाळी

वरचं वेळापत्रक मध्यम, निचरा होणाऱ्या पोयट्याच्या मातीसाठी आहे. काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून तिथे पाळ्यांमधलं अंतर वाढवा. मात्र उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात आणि पाणी त्या भेगांतून सरळ खाली निघून जातं. पाणी देण्यापूर्वी आळ्यातली वरची माती खुरपून भेगा बुजवा.

मुरमाड किंवा रेताड जमिनीत एका वेळी जास्त पाणी देण्यात अर्थ नाही, ते मुळांच्या खाली जातं. तिथे कमी पाणी, पण लवकर लवकर द्या.

कोकणाची गोष्ट वेगळी. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, तरी जांभ्याच्या कातळावर लावलेलं आंब्याचं कलम फेब्रुवारीत तहानलेलं असतं. पाऊस जवळपास सगळा चार महिन्यांत येतो आणि जांभ्या मातीत ओल फार काळ टिकत नाही. तिथे कलमांना निदान पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं.

माती तपासा, मगच पाणी

कोणतंही वेळापत्रक शेवटी अंदाजच असतं. शेतकरी ‘वाफसा आला का’ हे बघून पुढचं पाणी देतो. मातीत ओल आहे आणि हवाही खेळते आहे, ती स्थिती म्हणजे वाफसा. तिथे आल्याशिवाय पुढची पाळी नको.

बागेत हे बघायला साधी लाकडी काडी चालते. हुंडीच्या कडेला चार-पाच इंच खोल काडी खुपसा, मिनिटभर ठेवा आणि बाहेर काढा. काडीला माती चिकटून आली आणि ती गार लागली, तर आज पाणी नको. काडी कोरडी, स्वच्छ निघाली तर पाणी द्या. काडी आत जातच नसेल, तर पाणी द्यायला उशीर झाला आहे. पहिल्या दोन महिन्यांत एकदा हुंडीत आणि एकदा बाहेरच्या मातीत अशी दोनदा काडी घाला. दोन्हीकडची ओल वेगळी निघते आणि निर्णय घ्यायचा तो हुंडीतली पाहून.

कोमेजलं म्हणजे तहानलेलं असतंच असं नाही

पाणी कमी पडलं की पानं मलूल होतात आणि कडांनी करपून कुरकुरीत होतात. पाणी जास्त झालं तरी पानं मलूल होतात, कारण पाण्याने भरलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही आणि ती कामच थांबवतात. अशा वेळी खालची पानं पिवळी, मऊ होऊन गळतात, मातीला आंबूस वास येतो. इथे आणखी पाणी घातलं की रोप गेलंच. सोनचाफ्याला साचलेलं पाणी अजिबात चालत नाही, त्याच्या बाबतीत ही चूक फार महागात पडते.

शंका आली तर सकाळी बघा. दुपारच्या उन्हात कित्येक झाडं पानं झुकवतात आणि संध्याकाळी पूर्ववत होतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सकाळी सातलाही पानं खाली लोंबत असतील तर मुळांशी काहीतरी बिनसलं आहे, काडी घालून तपासा.

पानगळीच्या झाडांबाबतही गडबड होते. बहावा, पळस, पांगारा, पांढरा चाफा ही झाडं कोरड्या दिवसांत पानं टाकतात. नव्याने बाग करणाऱ्याला वाटतं झाड मेलं, आणि मग एक तर तो बादल्याच्या बादल्या ओततो किंवा पाणी पूर्ण बंद करतो. नखाने फांदीची साल किंचित खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. पानं नसताना पाणी कमी लागतं, पण हुंडी कोरडी ठणठणीत होऊ देऊ नका.

पाणी वाचवणारे तीन उपाय

पहिला उपाय आच्छादनाचा. आळ्यात दोन-तीन इंच पालापाचोळा, उसाचं पाचट, भाताचं तूस, नारळाची सोडणं यांपैकी जे मिळेल ते पसरा. त्यामुळे ओल टिकते, माती तापत नाही आणि तणही कमी येतं. खोडापासून चार बोटं जागा मोकळी ठेवा. वाळवीचा उपद्रव असलेल्या जागी आच्छादन अधूनमधून हलवून खाली बघत जा.

दुसरा मटका. पाच-सात लिटरचा, रंग न दिलेला साधा मातीचा मटका हुंडीच्या बाहेर वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा आणि पाण्याने भरा. भोवतालची माती सुकेल तसं मटक्यातून पाणी झिरपतं आणि माती ओली असेल तर झिरपणं मंदावतं. मुळं मटक्याच्या दिशेने वाढतात. तोंडावर झाकण हवंच, नाहीतर आत डासांची पैदास होते. मे महिन्यात गावाला जाणाऱ्यांना हा उपाय विशेष उपयोगी आहे, मात्र आठवड्याने कुणीतरी येऊन मटके भरून जाईल अशी व्यवस्था करून ठेवा.

तिसरं ठिबक. इथे होणारी चूक म्हणजे रोज दहा मिनिटं चालवणं. ताशी चार लिटरच्या ड्रिपरने दहा मिनिटांत पाऊण लिटरही पडत नाही. दहा लिटर हवे असतील तर झाडाच्या दोन बाजूंना असे दोन ड्रिपर ठेवून संच सव्वा तास चालवा आणि पुढची पाळी काडी बघून ठरवा. पहिल्या मोसमात ड्रिपर हुंडीवर असावेत, झाड वाढेल तसे बाहेर सरकवायचे. ते खोडाशीच राहिले तर मुळंही तिथेच घोटाळतात. महिन्यातून एकदा प्रत्येक ड्रिपर ठिबकतो आहे ना हे डोळ्यांनी बघा, विशेषतः बोअरवेलचं पाणी असेल तर, कारण क्षारांनी तोंडं बुजतात.

याच क्षारांमुळे आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी नव्या रोपांना नेहमी घालू नये. वॉशिंग मशीनचं साबणाचं पाणी तर नकोच. एसीमधून ठिबकणारं पाणी चालतं. मातीवर पांढरा थर दिसू लागला, तर एकदा गोडं पाणी नेहमीच्या दुप्पट देऊन क्षार खाली जाऊ द्या, अर्थात तिथे निचरा चांगला असेल तरच.

पाणी सोडवायचं कसं?

रोज थोडं थोडं पाणी मिळत राहिलं की मुळं वरच्या थरातच राहतात आणि झाड कायमचं आपल्या हाताकडे बघत बसतं. म्हणून पहिल्या मोसमानंतर दोन गोष्टी हळूहळू करा. आळ्याचा घेर वाढवत न्या, म्हणजे पाणी फांद्यांच्या टोकांखालच्या जमिनीवर पडेल. आणि पाळ्यांमधलं अंतर वाढवून प्रत्येक पाळीला पाणी जास्त द्या. दर दोन दिवसांचं चार दिवसांवर, मग आठवड्यावर. पाणी एकदम तोडू नका, आणि मार्चमध्ये तर हा प्रयोग करूच नका. त्यासाठी योग्य काळ म्हणजे दुसऱ्या वर्षीची थंडी.

झाड रुजलं हे ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. खोड हलकेच हलवलं तर बुंध्याशी माती हलत नाही. नवी फूट जोमदार येते. एक पाळी चुकली तरी सकाळी पान ताठ असतं. झुडपांना इथवर यायला साधारण एक वर्ष लागतं, झाडांना दोन ते तीन उन्हाळे. करंज, कडुनिंब, बहावा, बोगनवेल यांचं पाणी त्यानंतर बहुतेक बंद करता येतं. आपलं राज्यफूल असलेल्या ताम्हणाला ओल आवडते, त्याला उन्हाळ्यात अधूनमधून पाणी द्यावं. नारळाला आणि मोगऱ्याला मात्र पाणी नेहमीच लागेल, हे लावतानाच लक्षात घ्या.

तेव्हा पुढच्या पावसाळ्यात नर्सरीत जाण्याआधी मे महिन्याचा हिशोब करा. घरात पाणी किती असतं, टँकर येतो का, त्या दिवसांत बादली उचलायला किंवा पाइप धरायला कोण असेल, हे ठरवा. त्यातून पाच झाडांपुरतंच पाणी निघत असेल तर पाचच झाडं लावा. पंचवीस लावून वीस वाळवण्यापेक्षा पाच लावून पाचही जगवणं कधीही चांगलं.